ड्रमवरील खुणा: विलीज जीपच्या ब्रेकच्या अकाली बिघाडाचा मागोवा

१९४१ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी विलीज-ओव्हरलँड कंपनीच्या एमबी जीपचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा तिच्या चारही चाकांना नऊ इंच व्यासाचे, तेलाच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक होते. सुमारे ११०० किलो वजन, साठ अश्वशक्तीचे इंजिन, १६ इंची रिमवर ६.०० मापाचे अरुंद टायर आणि ताशी ६५ मैल ही वेगाची मर्यादा, एवढ्या चौकटीत हे ब्रेक पुरेसे होते. पुढील आठ दशकांत या गाडीचे इंजिन बदलले, टायर वाढले, तिच्यावर लादला जाणारा भार आणि तिच्याकडून होणारी अपेक्षाही बदलली. अनेक जुन्या गाड्यांत ड्रम मात्र तेवढाच राहिला. आज जुनी जीप चिखलवाटांवर नेणारे हौशी मालक जेव्हा नवा ड्रम एका-दोन पावसाळ्यांतच तडकल्याची, लंबवर्तुळाकार झाल्याची किंवा खोल चरे पडल्याची तक्रार करतात, तेव्हा दोष बहुधा ड्रमच्या धातूला दिला जातो. या बिघाडांचा क्रमाने मागोवा घेतला असता वेगळे चित्र दिसते: ड्रमच्या आतल्या बाजूस ज्या खुणा उमटतात त्यांचे मूळ बहुतेक वेळा अस्तर, सिलिंडर, सील, बेअरिंग किंवा टायर यांपैकी कशात तरी असते, आणि ते न शोधता ड्रम बदलला तर नवा ड्रमही त्याच मार्गाने जातो.

ड्रम ब्रेकची कल्पना जीपपेक्षा चाळीस वर्षांनी जुनी आहे. विल्हेल्म मायबाख यांनी १९००-०१ च्या मर्सिडीजमध्ये ड्रमचा प्राथमिक प्रकार वापरला आणि १९०२ मध्ये लुई रेनो यांनी त्याला आजच्या ओळखीचे रूप दिले. चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ भांड्याच्या आत दोन अर्धचंद्राकृती पट्ट्या, म्हणजे ब्रेक शू, असतात. पेडल दाबले की त्या बाहेरच्या बाजूस फाकतात आणि त्यांच्यावरील घर्षणाचे अस्तर, ज्याला गॅरेजमध्ये लायनर म्हणतात, ड्रमच्या आतील भिंतीवर घासून चाक थांबवते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांच्या फेरोडो कंपनीने या अस्तरासाठी ॲस्बेस्टॉसचा वापर रूढ केला. १९२१ च्या ड्यूझनबर्ग गाडीपासून चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक मिळू लागले, आणि जीपची रचना झाली तोवर ही सारी व्यवस्था अमेरिकेत सर्वमान्य झाली होती.

त्या काळातील बहुतेक गाड्यांप्रमाणे जीपच्या ड्रमचे घर्षण सोसणारे वर्तुळ बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असे. बिडात कार्बन सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर वाहून जाते, कंपने शोषली जातात आणि घासला जाणारा पृष्ठभाग अस्तराला चिकटत नाही. मात्र याच पापुद्र्यांमुळे बीड ताणाखाली दुबळे ठरते. दाब ते उत्तम सोसते, ओढ सोसत नाही. ड्रमच्या जवळजवळ प्रत्येक तड्याचा उगम या एका गुणधर्मापाशी येऊन थांबतो.

जीप महाराष्ट्रात आली ती दोन वाटांनी. युद्धानंतर सैन्याने विकून टाकलेल्या गाड्या खाजगी मालकांकडे गेल्या, आणि १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने स्थापन झालेल्या, पुढे महिंद्रा अँड महिंद्रा झालेल्या मुंबईच्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस आयात सुट्या भागांपासून जीप जोडण्यास सुरुवात केली. सीजे-३बी हे प्रतिरूप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले, तरी भारतात त्याचा वंश त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला. येथे तिला सह्याद्रीचे घाट, कोकणातील जांभ्याची लाल माती आणि गोव्याच्या खाणपट्ट्यातील धूळ यांना तोंड द्यावे लागले, आणि त्यातही माणसे व माल मिळून मूळ क्षमतेहून कितीतरी अधिक भार वाहावा लागला.

घाटातील उताराचा हिशेब मांडला तर ड्रमवरील भार किती मोठा असतो ते कळते. भारासह १५०० किलोची जीप ६०० मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा सुमारे ८८ लाख जूल ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. चारही ड्रमचे बीड मिळून २५ किलो धरले आणि ही सर्व ऊर्जा त्यातच साठली असे मानले, तर त्याचे तापमान सुमारे ७५० अंश सेल्सिअसने वाढेल. वारा आणि इंजिनाचा रोध यांमुळे प्रत्यक्षात असे होत नाही. परंतु त्याच हिशेबावरून इंजिनाच्या रोधाचे मोल स्पष्ट होते. येथेच पुढील काळातील एका बदलाची नोंद घ्यावी लागते. महिंद्राच्या जीपमध्ये पेट्रोल इंजिनाची जागा डिझेलने, उदाहरणार्थ एमएम५४० मध्ये प्यूजोच्या रचनेच्या २.१ लिटर इंजिनाने, घेतली. अनेक जुन्या पेट्रोल जीपमध्येही मालकांनी नंतर डिझेल इंजिन बसवून घेतले. हवेची वाट अडवणारी झडप नसलेले डिझेल इंजिन उतारावर पेट्रोल इंजिनापेक्षा कमी रोध देते आणि वजनालाही जड असते, त्यामुळे जो वाटा पूर्वी इंजिन उचलत होते त्यातला काही भाग नऊ इंची ड्रमवर येऊन पडला.

उष्णतेने होणाऱ्या इजेचे दोन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात ड्रमच्या आतील थर तापून प्रसरण पावू पाहतो, मागचे थंड बीड त्याला अडवते, त्यामुळे तो थर दाबला जाऊन कायमचा आक्रसतो आणि गाडी थांबून ड्रम निवला की त्याच थरात ओढ निर्माण होते. हे चक्र पुनःपुन्हा घडले की आसाला समांतर अशा केसासारख्या बारीक भेगा उठतात. पृष्ठभागापुरत्या भेगा लेथवर उतरून जातात, पण एखादी भेग ड्रमच्या कडेपर्यंत पोहोचली असेल तर तो ड्रम भंगारातच जायला हवा. येथे तडजोडीला जागा नाही. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. बिडाचा एखादा ठिपका सुमारे ७३० अंशांपलीकडे तापून झपाट्याने थंड झाला, तर त्या जागी मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण आणि ठिसूळ रचना तयार होते. निळसर-काळे, किंचित उंचावलेले असे हे ठिपके डोळ्यांना दिसतात, आणि कानस फिरवली तर ती त्यांच्यावरून घसरते. लेथचे हत्यारही त्यांच्यावरून उडते, म्हणून ते केवळ घासून काढावे लागतात. घाट उतरून लगेच ओढ्यात घातलेल्या जीपच्या बाबतीत या झपाट्याच्या थंडाव्याचे कारण वेगळे शोधण्याची गरज नसते. पण पाणी नसतानाही ठिपक्यामागचे थंड बीड तेच काम करू शकते.

तापलेला ड्रम आकारानेही वाढतो. २२९ मिलिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर व्यास सुमारे पाऊण मिलिमीटरने मोठा होतो, शू भिंतीपासून दूर राहतात आणि पेडल खोल जाते. अशा वेळी उतारावरच शू घट्ट करून घेतले तर ड्रम निवल्यावर चाक जाम होते, आणि मग उष्णतेचे दुसरे चक्र सुरू होते.

या साऱ्या इतिहासात सर्वांत कमी लक्ष गेलेला अध्याय अस्तराचा आहे. ॲस्बेस्टॉसचे अस्तर तुलनेने मऊ असे. झीज अस्तराने सोसावी आणि ड्रम टिकावा ही त्या जोडीची मूळ वाटणी होती. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुप्फुसांचे प्राणघातक आजार होतात हे निर्विवाद झाल्यावर ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी आणली, आणि बाजारात पर्यायी अस्तरे आली. हा बदल आवश्यकच होता. परंतु पर्यायी अस्तरांपैकी धातूचे कण असलेली कठीण अस्तरे जुन्या ड्रमवर बसवली की वाटणी उलटते: अस्तर टिकते आणि ड्रम झिजतो. म्हणून ड्रमवर सर्वत्र एकसारखी, पण अपेक्षेहून पुष्कळ जलद झीज दिसली, तर प्रथम अस्तराचा प्रकार तपासला पाहिजे.

त्याच बदलासोबत आणखी एक गोष्ट हरवली. ड्रम लेथवर उतरवला की त्याची त्रिज्या वाढते. साठ थाऊ, म्हणजे इंचाचे साठ सहस्रांश, व्यास वाढवला तर त्रिज्या तीस थाऊंनी वाढते. मूळ मापाचा शू अशा ड्रममध्ये फक्त मध्यभागी टेकतो, दाब अरुंद पट्ट्यात एकवटतो, अस्तर काचेसारखे गुळगुळीत होते आणि चालक पेडल अधिक जोराने दाबू लागतो. पूर्वी कार्यशाळांत शूचे अस्तर त्या-त्या ड्रमच्या त्रिज्येनुसार घासून देण्याचे यंत्र असे. त्या घासण्यातून ॲस्बेस्टॉसची धूळ उडे, म्हणून ती यंत्रे बाजूला पडली. ॲस्बेस्टॉस गेल्यावरही प्रथा परतली नाही. जुन्या जीपच्या ड्रमचे आयुष्य घटण्यामागे हे कारण फार मोठे असावे, असे या लेखाचे मत आहे, कारण उतरवलेला ड्रम आणि न घासलेले शू ही जोडी आज जवळजवळ सर्वत्र आढळते. अस्तरावर खडूची रेघ मारून ड्रम हाताने फिरवला तर शू कोठे टेकतो ते लगेच कळते.

एकाच चाकाचा ड्रम बिघडत असेल तर तपासाची दिशा बदलते. ब्रेक फारसे न वापरता काही अंतर गाडी चालवून चारही ड्रमचे तापमान ताडून पाहिले की घासत राहणारे चाक उघडे पडते. ते चाक जॅकवर उचलून त्याचा ब्लीडर, म्हणजे तेलातील हवा काढण्याचा स्क्रू, सैल करावा. चाक मोकळे झाले तर तेलाचा दाब अडकून राहिला आहे. आतून फुगलेला रबरी होज तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. चाक तरीही घट्ट राहिले तर अटकलेला सिलिंडर, थकलेली स्प्रिंग किंवा गंजलेली शूची खुंटी शोधावी लागते. चारही चाके घासत असतील तर मास्टर सिलिंडरकडे वळावे. जीपमध्ये तो फरशीखाली, चिखलाच्या थेट माऱ्यात असतो, आणि पेडलला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल ठेवली नाही तर तेल परत जाण्याचे छिद्र झाकले जाऊन तापलेले तेल शूंना दाबून धरते.

उलट दिशेचीही शक्यता असते. एका बाजूच्या लायनरवर ॲक्सलचे तेल गळत असेल तर ते चाक कामच करत नाही आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाचा ड्रम त्याचा भार वाहून तडकतो. तडा एकीकडे आणि सील दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. सील बदलूनही तेल येत राहिले तर ॲक्सलवरील श्वासछिद्र मातीने बुजले आहे का ते पाहावे, कारण आत कोंडलेली गरम हवा तेलाला सीलबाहेर ढकलते. मूळ जीपमध्ये पुढचे चाक-सिलिंडर एक इंचाचे आणि मागचे पाऊण इंचाचे होते. दुरुस्तीत मागेही एक इंची सिलिंडर बसवला गेला तर मागच्या शूंवरील बल सुमारे पावणेदोन पट होते आणि मागचे ड्रम लवकर संपतात. शूंची अदलाबदलही होते: लांब अस्तराचा शू पुढच्या बाजूस हवा.

ड्रम लंबवर्तुळाकार झाला की गरम ड्रमवर हँडब्रेक ओढल्याचे कारण सर्रास सांगितले जाते. विलीज जीपला ते लागू पडत नाही, कारण तिचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे असतो. येथे संशय चाकाच्या नटांवर आणि हबवर घ्यावा लागतो. जीपचा ड्रम हबला ज्या स्टडनी जोडलेला असतो त्यांची टोके ठोकून फुगवलेली असतात. ती कापून न काढता स्टड दाबून बाहेर काढले तर हबची छिद्रे रुंदावतात, नवा ड्रम केंद्रापासून सरकून बसतो आणि डायल गेजवर तो वाकडा फिरताना दिसतो. म्हणून नवा ड्रमदेखील हबवर बसवून, दोन्ही एकत्रच लेथवर सारखे करणे श्रेयस्कर. ड्रमची झीज आतून बाहेर उतरती असेल तर सैल व्हील बेअरिंग तपासावे, आणि गोल फिरणारे खोल चरे असतील तर वर आलेले रिव्हेट किंवा जांभ्याची रेती. ड्रम आणि बॅक प्लेट यांच्यामधील फट उघडी असल्याने पाण्यातून गेलेल्या जीपमध्ये ही रेती साचणारच. पुढचा ड्रम काढण्यासाठी हब व बेअरिंग उघडावे लागत असल्यामुळे पावसाळ्यातील ही सफाई टाळली जाते, आणि तिची किंमत ड्रम मोजतो. ही सफाई दाबाच्या हवेने मात्र करू नये, कारण जुन्या लायनरची धूळ ॲस्बेस्टॉसची असू शकते. ओल्या फडक्याने पुसणेच योग्य.

टायर मोठे केल्याने ब्रेकवर येणारा ताण त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, आणि याच कारणासाठी अनेकांनी ११ इंची ड्रम किंवा पुढच्या चाकांना डिस्क स्वीकारल्या. ११ इंची ड्रममुळे केवळ त्रिज्येच्या हिशेबाने रोध सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांसाठी मूळ रूप जपणाऱ्यांना हा मार्ग मोकळा नाही. त्यांच्यासाठी लेथवर व्यास साठ थाऊंपर्यंतच वाढवण्याची मर्यादा अंतिम आहे, कारण त्यापलीकडे उतरवलेला पातळ ड्रम उष्णता साठवू शकत नाही आणि दाबाखाली त्याचे उघडे तोंड फाकते. मर्यादेत असलेला ड्रमही दोरीला टांगून हातोडीने हलके वाजवावा. धड बीड घणघणते. तडा असेल तर आवाज बद्द येतो आणि ड्रम पुन्हा चढवू नये.