पांढरीतून काळीत

जुन्या मराठी गावाची जमीन दोन हिश्शांत ओळखली जाई: वस्तीची पांढरी आणि पिकांची काळी. पिढ्यान् पिढ्या ढासळलेल्या भिंती, चुलीतली राख, शेणकूट हे सगळं साचून पांढरी उंच होत गेली आणि नवं घर पुन्हा तिच्यावरच उठत राहिलं. काळीत सुखासुखी कोणी घर बांधत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र गावं वेशीबाहेर पसरली, शहरांच्या कडेची शेतं एनए, म्हणजे बिगरशेती झाली, आणि आजोबांनी जिथे फक्त ज्वारी पेरली तिथे नातवाने पाया खणला.

आजोबांचा संशय रास्त होता. बेसॉल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर असतं. पाणी लागलं की ते फुगतं, सुकलं की आक्रसतं. वैशाखात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आषाढात त्याच मिटतात आणि जमीन वर येते. शेतकऱ्याच्या हे पथ्यावर पडतं. वरची माती भेगेत घसरते आणि रान आपलं आपणच उलथापालथ करून घेतं. घराला तेच भोवतं. गंमत म्हणजे आधी तडकतं ते एकमजली, हलकं घर, कारण फुगत्या मातीला दाबून धरण्याइतकं वजनच त्यात नसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, पावसाळ्यात दार अडकतं, फरशी मधोमध उचलते.

गवंड्यांचा तोडगा साधा होता: मुरूम लागेपर्यंत खणा. पाच-सहा फुटांवर मुरूम असेल तर तो आजही चालतो. पण अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या गाळाचा थर इतका खोल आहे की तिथे मुरूम हाती लागतच नाही. अशा जमिनींसाठी रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५०च्या दशकात तळाशी कांद्यासारखा फुगीर असलेला काँक्रीटचा खुंट विकसित केला. तो साधारण साडेतीन मीटर खाली उतरतो. ऋतूंचा ओलावा-कोरडेपणा तिथवर फारसा पोचत नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा मीटरभर थर वर दाबून बसवला तर खालच्या काळीची उसळी आवरते. गवंडी पायात मुरूमही भरत; त्या भरावाला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाला. उत्तरं अशी पन्नास वर्षांपासून तयार आहेत. छोट्या प्लॉटवर मात्र अजूनही शेजारच्या घराचाच नकाशा उचलून पाया भरला जातो.

म्हणून पांढरीचे गोडवे गावेत असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगड-मातीच्या रुंद भिंती आणि धाब्यावरचा मातीचा जड थर झोपलेल्या माणसांवर कोसळला. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. चौकोनी आखणीची ही ऐसपैस गावं जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा घेऊन शेतजमिनीवर उभी राहिली.

घाट उतरला की प्रश्नच उलटा होतो. कोकणचा जांभा फुगत नाही, चिऱ्याची भिंत वर्षानुवर्षं टिकते. कातळावर हापूस लावायचा तर सुरुंगाने खड्डा पाडून बाहेरची माती भरावी लागते. पण हाच दगड सच्छिद्र असल्याने संडासाच्या टाकीतलं पाणी त्यातून झरझर उतरून परसातली विहीर गाठू शकतं. शोषखड्डा इथे तुंबत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहतही नाही.

काळीत तो तुंबतो. वाळूत दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ५० लिटर सांडपाणी जिरतं असं अभियंते धरतात. घट्ट चिकणमातीत तो आकडा दहावर किंवा त्याहूनही खाली येतो. खड्डा निदान पाचपट मोठा हवा, पण प्लॉट तेवढाच. भिंतीलगतच्या खड्ड्यातून झिरपणारं पाणी घराचा एकच कोपरा फुगवतं. भिंतीला चिकटून केलेली बाग, रोज पाणी मागणारं लॉनसुद्धा तेच करतं. उलट वड-पिंपळासारखं मोठं झाड जवळ असलं, तर मुळं ओल ओढून तोच कोपरा खचवतात. गुलाबाच्या हौशीपायी लाल माती आणि पोयट्याची पोती विकत आणणारे बागवाले या मातीला नावं ठेवतात, पण शेणखत मिसळून वाफा उंच केला, की तीच काळी झाडांना उत्तम पोसते.

जिरवणीची चाचणीही फसवी. एप्रिलमध्ये खड्डा खणून पाणी ओतलं की ते भेगांत गडप होतं आणि ठेकेदार खूश होतो. म्हणून खड्डा आधी रात्रभर भिजत ठेवावा आणि मग अडीच सेंटीमीटर पाणी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजावं, अशी पद्धत आहे. तासाहून जास्त वेळ लागला तर नुसत्या शोषखड्ड्यावर भिस्त ठेवता येत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून गाजलेले शोषखड्डे अशाच भागात चालले. पण त्यांच्यावर भार होता तो मोरीच्या आणि भांडी धुतलेल्या पाण्याचा, मैल्याच्या टाकीचा नव्हे.