मायनिंगचं यंत्र घरी जोडायचंय? आधी वीजबिल मांडा



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की तिचा हिशोब आपल्याला लगेच करता येतो. शेळी किती महिन्यांत विकायला येते, शिलाई मशीनवर दिवसाला किती ब्लाउज होतात, खताचे पैसे कोणत्या पिकावर फिटतात, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण एखाद्या ताईचा मुलगा म्हणतो, "आई, गटातून दोन लाख काढ. सुटे भाग आणून मी घरीच मायनिंगचं यंत्र जोडतो. ते रात्रंदिवस चालतं, आपण झोपलो तरी पैसे येतात." अशा वेळी गट गप्प बसतो. कुणाला काही कळत नाही, आणि पोरगा हुशार आहे म्हणून सह्या होतात.

म्हणून या अंकात हा हिशोब सोपा करून देत आहोत. त्यासाठी कॉम्प्युटर येण्याची गरज नाही. बेरीज, वजाबाकी आणि घरातलं वीजबिल एवढं पुरे.

मायनिंग म्हणजे काय?

आपल्या गटाचं कर्ज-बचतीचं रजिस्टर असतं. कोणी किती दिले, कोणी किती घेतले, ते त्यात लिहिलं जातं आणि सगळ्यांसमोर वाचलं जातं. बिटकॉइन हेही एक रजिस्टरच आहे, २००९ साली सुरू झालेलं. फरक एवढाच, की ते कोणा एका सचिवाकडे नसतं. जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर त्याची नक्कल असते. साधारण दर १० मिनिटांनी त्यात एक नवं पान जोडलं जातं. ते पान जोडण्याचा मान कोणाला, यासाठी यंत्रांची शर्यत लागते. प्रत्येक यंत्र एक आकडा ओळखण्याचा प्रयत्न करत राहतं. ज्याचा आकडा आधी जुळला, त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. यालाच मायनिंग म्हणतात. जमिनीतून काही निघत नाही. यंत्र फक्त आकडे काढतं आणि वीज खातं.

हे बक्षीस सारखं राहत नाही. सुरुवातीला एका पानाला ५० बिटकॉइन मिळत. दर चार वर्षांनी ते निम्मं होतं. २०१२ साली २५, २०१६ साली साडेबारा, २०२० साली सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. पुढची कपात २०२८ मध्ये अपेक्षित आहे. म्हणजे काम तेच आणि मजुरी दर चार वर्षांनी निम्मी. अशा कामाला आपण रोजंदारीवर गेलो असतो का, याचा विचार करा.

घरी जोडता येतं ते कोणतं यंत्र?

यंत्रं दोन प्रकारची. पहिलं म्हणजे ग्राफिक्स कार्डांची रिग. गेम खेळायच्या कॉम्प्युटरमध्ये जे कार्ड असतं, तशी पाच-सहा कार्डं एका लोखंडी सांगाड्यावर बसवतात. सोबत मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, मोठा पॉवर सप्लाय, कार्ड जोडायच्या पट्ट्या आणि पंखे. घरी जोडता येतं ते हेच. सगळ्यात जास्त पैसा कार्डांवर जातो. सहा चांगली नवी कार्डं म्हटली की लाख-दीड लाखाची बात होते, बाकीचं सामान वेगळं.

पण या रिगवर बिटकॉइन निघत नाही. म्हणजे निघू शकतो, पण शर्यतीत ती बैलगाडीसारखी मागे पडते. अशा रिगवर पूर्वी इथेरियम नावाचं दुसरं नाणं काढायचे आणि त्यात काहींनी पैसे कमावलेही. मात्र १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि त्याचं मायनिंग कायमचं बंद झालं. जगभरातल्या रिग एका दिवसात बेकार झाल्या आणि जुनी कार्डं बाजारात आली. तुमच्या मुलाने पाहिलेला व्हिडिओ त्याआधीचा तर नाही ना, हे तारीख बघून तपासा. आज "स्वस्तात मिळतंय" म्हणून येणारं जुनं कार्ड वर्ष-दोन वर्षं न थांबता पळालेलं असू शकतं. त्याला वॉरंटी नसते.

दुसरा प्रकार म्हणजे फक्त बिटकॉइनसाठी बनवलेलं तयार यंत्र. ते घरी जोडता येत नाही, बाहेरून आणावं लागतं.

आता वीज मांडू

वीज मोजायची पद्धत आपल्याला माहीत आहे. १,००० वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट.

घरी जोडलेली रिग साधारण १,००० वॅट ओढते असं धरू. दिवसाला २४ युनिट, महिन्याला ७२० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ७,२०० रुपये.

बिटकॉइनचं तयार यंत्र, उदाहरणार्थ अँटमायनर एस-२१, सुमारे ३,५०० वॅट ओढतं. दिवसाला ८४ युनिट, महिन्याला २,५२० युनिट, म्हणजे २५,२०० रुपये.

आणि १० रुपये हा दरही आपण कमीच धरला आहे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत दर कमी असतो, १०० नंतर, ३०० नंतर आणि ५०० नंतर तो चढत जातो. ५०० च्या वरचं प्रत्येक युनिट १० रुपयांपेक्षा बरंच महाग पडतं. मागच्या महिन्याचं बिल काढून त्यावरचे दर एकदा नीट वाचा. शिवाय घरगुती मीटरवर धंदा करणं किंवा शेतीपंपाच्या लाइनवर यंत्र लावणं हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो. पकडलं गेलं तर दुप्पट दराने आकारणी होते.

मिळणार किती?

घरच्या रिगवर कमी विजेत मोठं नाणं मिळत नाही हे पाहिलं. म्हणून आपण उलट जाऊ. बिटकॉइनचं तयार यंत्र, एस-२१, धरू. त्यालाच परवडत नसेल तर घरच्या रिगचा प्रश्नच नाही.

दिवसाला साधारण १४४ पानं जोडली जातात. एका पानाला ३.१२५ या हिशोबाने सगळ्या जगाला मिळून रोज ४५० बिटकॉइन. आता वाटेकरी किती? २०२५ च्या सुरुवातीला जगभरातल्या यंत्रांची एकूण ताकद एस-२१ सारख्या सुमारे ४० लाख यंत्रांइतकी होती. त्यानंतर ती वाढलीच.

४५० नाणी आणि ४० लाख वाटेकरी. आपल्या एका यंत्राच्या वाट्याला महिन्याभरात एका बिटकॉइनचा साधारण २९६ वा भाग येतो. एक अख्खं नाणं जमायला २४ वर्षांहून जास्त लागतील, तेही काहीच बदललं नाही तर. बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरला, तर महिन्याची मिळकत साधारण २७,००० रुपये.

२७,००० मिळकत, २५,२०० वीज. "बघ आई, १,८०० उरले!" असं मुलगा म्हणेल. थांबा, अजून कर राहिला.

१ एप्रिल २०२२ पासून आपल्या देशात अशा आभासी चलनाच्या कमाईवर सरसकट ३० टक्के कर आहे, वर सेस. दोन्ही मिळून ३१.२ टक्के. शेळीपालनात चारा, औषध वजा करून नफा काढतो तसं इथे चालत नाही. वीजबिल वजा होत नाही. मायनिंगच्या यंत्रांचा खर्चही खरेदीची किंमत म्हणून धरता येणार नाही, असं सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितलं आहे. यात तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातूनही वळता होत नाही.

मग हिशोब असा होतो:

मिळकत: २७,०००
कर: ८,४२४
वीज: २५,२००
महिन्याची तूट: ६,६२४ रुपये

आणि यंत्राची किंमत आपण अजून धरलेलीच नाही. समजा, यंत्रासाठी गटातून २ लाख काढले, दरमहा १ टक्का व्याज, २४ हप्ते. पहिला हप्ता मुद्दल ८,३३३ आणि व्याज २,००० मिळून १०,३३३ रुपये. तूट आणि हप्ता मिळून पहिल्याच महिन्यात जवळपास १७,००० रुपये घरातून घालावे लागतील. ते दुधाच्या पैशातून जातील, नाहीतर सोसायटीच्या उचलीतून.

"पण भाव वाढेल ना!" वाढेलही. मात्र १० रुपये दराने नुसतं वीजबिल आणि कर भागायलाच बिटकॉइन एक कोटी आठ लाखांच्या वर जावा लागतो, आणि महिनोन् महिने तिथेच राहावा लागतो. भाव चढला की आणखी लोक यंत्रं लावतात, वाटेकरी वाढतात, आपला वाटा पुन्हा कमी होतो. भाव वाढण्यावरच भरवसा असेल, तर तो जुगार यंत्राशिवायही खेळता येतो. गटाच्या पैशाने मात्र दोन्हीही नको.

मग हे कोणाला परवडतं?

ज्यांच्याकडे वीज फार स्वस्त आहे त्यांना. आपल्या शेजारच्या भूतानमध्ये सरकारी कंपनी स्वतःच्या जलविद्युतेवर हे काम करते. अमेरिकेत टेक्सासमध्ये मोठमोठ्या शेडमध्ये हजारो यंत्रं एका ठिकाणी चालतात. आपल्या पोराची स्पर्धा शेजारच्या गावातल्या पोराशी नाही, यांच्याशी आहे.

पिठाच्या गिरणीशी तुलना करून बघा. ३ एचपीची मोटर तासाला साधारण सव्वादोन युनिट घेते. गिऱ्हाईक आलं की ती चालते, गेलं की बंद, आणि मीटरही थांबतं. वीज महागली तर दळणाचा दर रुपयाने वाढवता येतो. मायनिंगच्या यंत्राला थांबणं परवडत नाही, आणि दर ठरवणं आपल्या हातात नाही. लोडशेडिंगच्या तासाला कमाई शून्य, हप्ता मात्र सुरूच.

घरातल्या बायकांनी आणखी एक लक्षात घ्यावं. ३,५०० वॅट म्हणजे साडेतीन हीटर रात्रंदिवस चालू. खोली तापते, पंख्यांचा आवाज मिक्सरसारखा सतत. जुन्या वायरिंगवर एवढा भार टाकला तर वायर वितळून आग लागण्याची भीती असते. स्वतंत्र वायरिंग, एमसीबी, वाढीव मंजूर भार हा खर्च मुलाच्या यादीत बहुतेक वेळा नसतो.

"यंत्र आमच्याकडे ठेवा" म्हणणाऱ्यांपासून सावध

हिशोब बसत नाही हे कळलं की काही जण दुसरी वाट दाखवतात. "यंत्र घरी कशाला? पैसे द्या, मायनिंग आम्ही करतो, तुम्हाला दरमहा परतावा." गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत असंच झालं. १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं. पुण्यासह अनेक ठिकाणी गुन्हे नोंदले गेले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. महिन्याला १० टक्के ठरवून देणारं यंत्र जगात नाही. ऑनलाइन पैसे अडकले तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा.

कर्ज मागणी आली तर बैठकीत हे विचारा

१. कोणतं नाणं काढणार, आणि ते या यंत्रावर आज निघतं का?
२. यंत्र किती वॅटचं? महिन्याला किती युनिट?
३. वीज कोणत्या मीटरवर? दर बिलावरून धरला की मनाने? मायनिंगचा हिशोब करून देणाऱ्या वेबसाइटवर विजेचा एक दर आधीच भरलेला असतो. तो खोडून आपला दर टाकायला सांगा.
४. कर वजा केला का?
५. सहा महिने कमाई शून्य राहिली, तर हप्ता कुठून येणार?

उत्तरं तोंडी नको, कागदावर घ्या आणि मागणी अर्जाला जोडा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर "भाव वाढेल" असं असेल, तर कर्ज नाकारायला संकोच करू नका. नाकारल्याचं कारण इतिवृत्तात लिहा, म्हणजे उद्या त्या ताईला वाटणार नाही की आपल्याच मागणीला गटाने खो घातला.

मुलाला मात्र झिडकारू नका. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडता येणं हे हातातलं कसब आहे. शाळेचे, ग्रामपंचायतीचे, दुकानांचे कॉम्प्युटर आणि प्रिंटर बिघडले की आज तालुक्याला न्यावे लागतात. दुरुस्तीची हत्यारं आणि थोडे सुटे भाग घ्यायला १५-२० हजारांची मागणी आली, तर तिचा हिशोब आपल्याला कळतो. महिन्याला किती कॉम्प्युटर येतील, एकाला किती मजुरी मिळेल, हप्ता किती बसेल, हे विचारा आणि मांडा.

गटाच्या पेटीतला पैसा हा आठवड्याला वीस-पन्नास करून जमवलेला आहे. तो देताना पोरगा किती हुशार आहे ते बघू नका, कागदावरची वजाबाकी बघा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं वीजबिल घेऊन यावं, आणि १,००० वॅटचं यंत्र आपल्या दराने महिनाभर चाललं तर किती बिल येईल, ते तिथेच मांडून बघावं.