विश्लेषण : मोबाइलच्या नकाशामागची अवकाशातील थरथर

माटुंगा स्थानकाबाहेर टॅक्सी बोलावताना मोबाइलवर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका दिसतो. त्यामागचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर, पृथ्वीच्या बाह्य किरणोत्सर्ग पट्ट्यातून फिरतात. तेथील वेगवान इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या आत विद्युतभार साठवून यंत्रणा बिघडवू शकतात. या इलेक्ट्रॉनना वेग देण्यात आणि हुसकावण्यातही प्लाझ्मा लहरींचा मोठा वाटा असतो.

प्लाझ्मा लहरी म्हणजे काय?

प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणात तो विरळ पसरलेला असतो. ताणलेल्या दोरीला झटका दिला की लाट पुढे सरकते; तशाच चुंबकीय बलरेषांवरून ‘आल्फव्हेन लहरी’ धावतात. ‘व्हिसलर’ लहरी विजांच्या कडकडाटातूनही निर्माण होतात. त्यांतील काही बलरेषेच्या वाटेने दुसऱ्या गोलार्धात पोहोचतात. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी सहसा आधी आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या नंतर येतात. त्यांचा आवाज ऐकला तर उतरत जाणारी शीळच वाटते.

धोका कधी वाढतो?

सौरवादळानंतर ‘कोरस’ नावाच्या लहरी बळावतात. बलरेषेभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची गिरकी आणि लहरीचा ताल जुळला, की झोक्याला वेळेवर धक्का मिळावा तशी त्याची ऊर्जा वाढते. काही लहरी मात्र इलेक्ट्रॉनची दिशा बदलून त्याला वातावरणात ढकलतात. वेग देणाऱ्या लहरी वरचढ ठरल्या की उपग्रहांचा धोका वाढतो. नासाच्या ‘व्हॅन ॲलन प्रोब्ज’ या जुळ्या यानांनी २०१२ ते २०१९ या काळात या पट्ट्यांचा अभ्यास केला.

मुंबईशी संबंध काय?

कुलाबा वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत असत. सप्टेंबर १८५९च्या महावादळात तेथे चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. कारण ट्राम असो वा आजची लोकल, विजेच्या प्रवाहाच्या गोंगाटात अवकाशातून येणारी काही नॅनोटेस्लांची थरथर बुडून जाते.

आज हे काम कोण करते?

अलिबागची वेधशाळा नवी पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. प्लाझ्मा लहरींवरही तेथे संशोधन होते. वादळाची पूर्वसूचना मिळाली, तर उपग्रहाची नाजूक उपकरणे काही काळ बंद ठेवता येतात. नकाशावरचा ठिपका जागेवर राहण्यासाठी हा वेळ मोलाचा असतो.