बीटाचं बी

कारखान्याचा बॉयलर पेटला, की आमच्या सोमेश्वरनगरात उसाच्या गाड्यांची रीघ लागते. अशा गावात परसात बीट लावणं म्हणजे फितुरीच! कारण साखरेच्या धंद्यात उसाचा खरा भाऊबंद बीटच. बर्लिनच्या मार्गग्राफनं १७४७ साली बीटातून साखर काढून दाखवली, आणि नेपोलियनच्या काळात बाहेरची साखर अडली तेव्हा युरोपनं पांढरं बीट उचलून धरलं. माझं बीट मात्र लाल, कोशिंबिरीचं. हेतूही साधा : बी एकदाच विकत आणायचं, पुढं घरचं धरायचं.

म्हणून संकरित पुडी न घेता ‘डेट्रॉईट डार्क रेड’ हा अमेरिकेत १८९२ साली बाजारात आलेला जुना, सरळ वाण आणला. उसाचं बेणं आपण शेजारच्या रानातून आणतो, घेवड्याचं बी आई राखेत घोळून मडक्यात ठेवायची. मग बीटाचंच काय अवघड?

दिवाळीनंतर गादीवाफा केला. बी रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल टोकलं. बीटाचं बी म्हणजे एक दाणा नव्हे. वाळलेल्या फळांचा तो झुबका. म्हणून एकेका जागी दोन-तीन रोपं येतात. मन घट्ट करून विरळणी करावी लागते. उपटलेल्या रोपांची भाजी होते.

पहिल्या वर्षी निम्मं बी उगवलंच नाही. नीरा डाव्या कालव्यानं हा मुलूख हिरवा केला, पण जादा पाण्यानं काही रानं क्षारपडही झाली. माझ्या परसातही पाणी आटलं की पांढरा थर दिसतो. बीटाचा पूर्वज समुद्रकाठचा. मोठं झालेलं झाड खारेपणा सोसतं, कोवळा अंकुर सोसत नाही. पुढच्या खेपेला शेणखत घालून, भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुतले आणि मग टोकणी केली. दोन-सव्वादोन महिन्यांत मुठीएवढे गड्डे मिळाले.

त्यातले पाच उत्तम बियाण्यासाठी राखले. चैत्र आला, तरी दांडा नाही! गड्डे लाकडासारखे झाले. मग वाचनात आलं, की बीट हे दोन वर्षांचं झाड. पहिल्या वर्षी गड्डा धरतं आणि काही आठवडे कडक थंडी खाल्ली तरच पुढं फुलतं. म्हणूनच त्याचं बी कुलू, काश्मीर, निलगिरी अशा थंड डोंगरात तयार होतं. मी हट्टाला पेटलो. पुढच्या वर्षी डिसेंबरात काढलेले गड्डे ओल्या वाळूत घालून दोन महिने फ्रीजमध्ये ठेवले (घरच्यांचे बोल इथं देत नाही) आणि फाल्गुनात लावले. एकाला दांडा आला, फुलंही आली. वैशाखाच्या उन्हात सगळं पोल निघालं.

त्याच वेळी शेजारच्या वाफ्यातला पालक मात्र बियांनी लगडला होता. तळहातावर चोळून पाहिला, तर तोच खडबडीत झुबका! आपला देशी पालक आणि बीट एकाच प्रजातीचे. मुळासाठी निवडलं ते बीट, पानांसाठी निवडला तो पालक. यानं आपलं ऊन अंगी बाणवलं आहे.

हे बी मी आईच्या मडक्यात पाहिलं होतं. नवं घर बांधताना ते मडकं फुटलं, तेव्हा ‘भाजीचं बी काय, दुकानात मिळतं’ असं मीच म्हणालो होतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते वाक्य आठवून मान खाली गेली. आज वाफ्यात आहे तो पालक शेजारच्या आजींनी दिलेला. आईचा वाण गेला तो गेलाच.

यंदाही बीटाची पुडी विकतच आणली आहे. पालकाची एक ओळ मात्र कापायची नाही, असं घरात सांगून ठेवलंय. चाळणीभर बी निघतं. ज्यांना हवं, त्यांनी उन्हाळ्यात येऊन मागून न्यावं.