घोडा दुपारी, हसू सकाळी

कागदावरचं मैदान : भाग ६

घोडा दुपारी धावायचा आणि विनोद दुसऱ्या दिवशी सकाळी पुरा व्हायचा. १५ नोव्हेंबर १९०७ रोजी ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’च्या क्रीडापानावर एक लांबुडका, मिशीवाला, हनुवटी जवळपास नसलेलाच गडी उगवला. नाव ए. मट. ‘ए’ म्हणजे ऑगस्टस. उद्योग एकच, रेसच्या घोड्यांवर पैसे लावणं. चित्रांची ओळ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. गंमत अशी की मट ज्या घोड्यांवर पैसे लावायचा ते खरे असायचे. उपसागराच्या पलीकडे एमरीव्हिलच्या रेसकोर्सवर ते त्याच दुपारी धावायचे. मट जिंकणार की बुडणार, हे सकाळी चित्रकारालाही ठाऊक नसायचं. निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या चित्रात मट एकतर सिगार ओढत येणार, नाहीतर खिशाची अस्तरं बाहेर काढून.

गेल्या आठवड्यात आपण ब्रिटिश कॉमिकमधल्या रॉय रेस या फुटबॉलपटूबरोबर होतो. मेल्चेस्टर रोव्हर्सचा सामना कितीही अडचणीत असला तरी शेवटच्या मिनिटाला रॉयचा डावा पाय कामाला येणार, याची खात्री बाळगूनच पोरं अंक विकत घ्यायची. अमेरिकेतली गोष्ट त्याच्या पन्नास वर्षं आधीची आणि बरोब्बर उलटी. इथला नायक मैदानात उतरतच नाही. तो कठड्याबाहेर उभा राहतो, खिशातले आणि उसने आणलेले पैसे लावतो आणि बहुतेक वेळा घालवतो. खेळाच्या पानावरचा विनोद न खेळणाऱ्यांचा होता. मला तरी हा विनोद रॉयच्या गोलांपेक्षा जास्त टिकाऊ वाटतो.

मुळात खेळाच्या पानावर चित्रकार कशाला हवा होता? त्या काळी धावत्या घोड्याचा किंवा मुष्टियुद्धातल्या ठोशाचा फोटो घेणं अवघड होतं, आणि घेतला तरी वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर त्याचा चिखल व्हायचा. शाईची रेघ मात्र स्वच्छ उमटायची. म्हणून बड्या दैनिकांच्या क्रीडाविभागात एक चित्रकार पगारी असे. त्यानं सामना बघायचा, ऑफिसात यायचं आणि रात्रीतून भलंमोठं चित्र काढून द्यायचं. मधोमध दिवसाचा नायक आणि कडेकडेनं बारकी चित्रं : भांडणारे प्रेक्षक, झोपलेला पंच, टोपी उडालेला म्हातारा. वाचकाची नजर मधल्या नायकावरून लगेच त्या कडेच्या मंडळींकडे घसरत असणार. पुढच्या बऱ्याच चित्रमालिका या कडेच्या मंडळींतूनच निघाल्या.

मटचा जनक बड फिशर हा असाच ‘क्रॉनिकल’मधला विशीतला पगारी चित्रकार. रेसच्या नादी लागलेल्या माणसाची रोजची गोष्ट चित्रांच्या आडव्या ओळीत सांगावी ही कल्पना त्यानं मांडली, तर संपादक म्हणाले, जागा फार खाईल, आणि लोकांना पान वरून खाली वाचायची सवय आहे, आडवं कोण वाचणार? निदान फिशर पुढे असं सांगत असे. क्रीडापानावर मात्र जागा मिळाली. रेसवर चित्रमालिका काढण्याची कल्पनाही अगदी कोरी नव्हती. शिकागोच्या एका दैनिकात क्लेअर ब्रिग्जनं काही वर्षं आधी ‘ए. पायकर क्लार्क’ नावाचा असाच एक रेसबाज रंगवला होता, पण तो फार दिवस चालला नाही. मट चालला. चित्रमालिकांचे इतिहासकार पहिली यशस्वी रोजची कॉमिक स्ट्रिप म्हणून मटचंच नाव घेतात.

तो का चालला, याचं उत्तर मला घोड्यात दिसतं. तोपर्यंत वर्तमानपत्रातली चित्रमालिका म्हणजे रविवारची रंगीत पुरवणी. पोरगं खोडी काढतं, शेवटच्या चौकटीत मार खातं, संपलं. पुढच्या रविवारी पाटी कोरी. मटची गोष्ट रोज सकाळी अर्धवट सुटायची, कारण निकाल चित्रकाराच्या हातातच नव्हता. वाचकाला उद्याचा अंक घेणं भाग. शिवाय मटनं लावलेला घोडा आपणही लावून बघावा, असं वाटणारे वाचक होतेच. पात्र हसं होतं, टिप मात्र चालू होती. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर शनिवार-रविवार काढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्याला आपण ‘बुडीत खातं’ म्हणून हसतो त्याचीच टिप हळूच कान देऊन ऐकतो. आणि ज्यांनी ‘सकाळ’ उघडून १९९१पासून आधी ‘चिंटू’ वाचला, त्यांची ती सवय वंशावळीनं या रेसबाजाकडेच जाते.

आता एक प्रसंग जरा जवळून पाहू. मट सुरू होऊन महिना झाला नव्हता, तोच विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या ‘एक्झामिनर’नं फिशरला जास्त पगार देऊन उचललं. ‘क्रॉनिकल’मधलं शेवटचं चित्र १० डिसेंबरला छापून यायचं होतं. त्या वेळी चित्र थेट छापत नसत. त्याचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, तो ॲसिडमध्ये खरवडून ब्लॉक करायचा आणि मग तो छापायला जायचा. संपादकांच्या नजरेखालून चित्र गेलं होतं. फिशर ब्लॉक करणाऱ्यांच्या खोलीत गेला आणि स्वतःच्या हातानं चित्रावर ‘कॉपीराइट १९०७, एच. सी. फिशर’ एवढी ओळ लिहून आला. दुसऱ्या दिवशी ‘एक्झामिनर’मधल्या पहिल्या चित्रावरही तीच ओळ. ‘क्रॉनिकल’नं रस वेस्टओव्हर या दुसऱ्या चित्रकाराकडून मट काढून घेणं काही महिने चालू ठेवलं, म्हणजे एकाच शहरात दोन मट दोन दैनिकांत रेस खेळत होते. अखेर वरातीमागून आलेलं ‘क्रॉनिकल’चं घोडं जून १९०८मध्ये थांबलं.

नोकरदार चित्रकारानं केलेलं काम मालकाचं, हा तेव्हाचा रिवाज. फिशरनं पुढे हर्स्टलाही सोडलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२१मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयानं पात्रं आणि त्यांची नावं फिशरचीच असल्याचा निकाल दिला. रेसच्या पानावर सुरू झालेल्या एका थट्टेनं चित्रकारांच्या हक्कांची एवढी मोठी लढाई जिंकून दिली. फिशरनं मिळालेल्या पैशाचं काय केलं? तबेला घेतला! त्याच्या एका घोड्याचं नाव ‘मिस्टर मट’ होतं. त्याच्याच नेली मोर्स या घोडीनं १९२४ साली प्रीकनेस स्टेक्स ही अमेरिकेतली मानाची शर्यत मारली. त्यानंतर ती शर्यत जिंकायला दुसऱ्या घोडीला २००९ साल उजाडावं लागलं. मटच्या नशिबात असली घोडी कधी आली नाही. चित्रं काढण्याचं काम तोवर फिशरनं बरंचसं मदतनिसांवर सोपवलं होतं. त्यातल्या अल स्मिथनं १९३२पासून जवळजवळ अर्धशतक मालिका ओढली. फिशर १९५४ साली वारला आणि मालिका १९८३पर्यंत चालली.

मट एकटा फार दिवस राहिला नाही. १९०८च्या सुरुवातीला फिशरनं त्याला चोरीच्या आरोपाखाली कोर्टात उभं केलं. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत महापौर आणि त्यांच्या गोतावळ्यावर लाचखोरीचे खरे खटले चालू होते, आणि मटच्या खटल्यातले वकील-साक्षीदार वाचकांना ओळखीचे वाटत होते. मट ठार वेडा ठरून इस्पितळात गेला. तिथं २७ मार्च १९०८ला त्याला एक बुटका, टकलू, कल्लेवाला माणूस भेटला. स्वतःला तो जिम जेफरीज समजत असे. हा जेफरीज म्हणजे मुष्टियुद्धाचा हेवीवेट जगज्जेता, कुणाकडून न हरता १९०५मध्ये निवृत्त झालेला राक्षसी बांध्याचा माणूस. त्याचा अवतार म्हणजे हे कमरेएवढं माणूस! म्हणून त्याचं नाव जेफ पडलं आणि ‘मट अँड जेफ’ ही जोडी जमली. उंच-बुटक्या जोडीला अमेरिकेत पुढे कित्येक पिढ्या हेच नाव मिळालं.

वेड्यांच्या इस्पितळावरचे विनोद आज घशाखाली उतरत नाहीत. आपल्याकडचे येरवडा-ठाण्याचे विनोदही तसेच शिळे झाले. पण जेफची कल्पना मात्र अजून ताजी आहे. एखादा विजेता पाहता पाहता आपणच तो आहोत, असं कुठल्या प्रेक्षकाला वाटत नाही? जेफला ते चोवीस तास वाटतं, एवढाच फरक. खऱ्या जेफरीजची गोष्ट मात्र वाईट वळणावर गेली. गोऱ्यांची अब्रू राखायला म्हणून त्याला निवृत्तीतून ओढून आणलं आणि ४ जुलै १९१०ला रीनो इथं कृष्णवर्णीय जगज्जेत्या जॅक जॉन्सननं त्याला साफ हरवलं. कागदावरचा जेफ मात्र मार खाऊनही रोज सकाळी टवटवीत.

दोघे जमल्यावर रेस मागे पडत गेली. तोवर घोड्यांवरही संकट आलं होतं. न्यूयॉर्कनं १९०८मध्ये आणि कॅलिफोर्नियानं १९०९मध्ये रेसवरच्या जुगाराविरुद्ध कायदे केले. न्यूयॉर्कच्या रेसकोर्सवर १९११ आणि १९१२ या दोन हंगामांत घोडे धावलेच नाहीत. नुसत्या टिपांवर उभी असती तर मालिका तिथंच आटोपली असती. भांडणारी जोडी मात्र कुठल्याही मोसमात चालते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रीडापानांनी आणखी काही नग घडवले. रूब गोल्डबर्ग हा शिकलेला इंजिनिअर. शहराच्या गटार खात्यातली चांगली नोकरी सोडून १९०४मध्ये तो ‘क्रॉनिकल’च्या क्रीडाविभागात किरकोळ पगारावर आला. साध्या कामासाठी अगडबंब यंत्रं रंगवून तो पुढे जगप्रसिद्ध झाला, पण ती नंतरची गोष्ट. रॉबर्ट रिप्लीही याच शहरातून न्यूयॉर्कला गेला. १९ डिसेंबर १९१८ला ‘ग्लोब’च्या क्रीडापानासाठी त्याच्याकडे विषयच नव्हता, तेव्हा त्यानं जमवलेले चमत्कारिक विक्रम एकाच चित्रात कोंबले. दोघांचा एकेक पाय बांधून शंभर यार्ड ११ सेकंदांत, उलट्या पावली शंभर यार्ड, असलं काहीबाही. कुणालाही उपयोग नसलेल्या या पराक्रमांचं पुढे ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ झालं.

माझा लाडका मात्र टॅड डॉर्गन. हाही सॅन फ्रान्सिस्कोचाच. लहानपणी अपघातात उजव्या हाताची बोटं गेली, म्हणून डाव्या हातानं चित्रं काढायला शिकला आणि न्यूयॉर्कला हर्स्टच्या ‘जर्नल’मध्ये मुष्टियुद्धाचा अव्वल जाणकार म्हणून नावाजला गेला. पुढे हृदयविकारानं त्याला घरी बसवलं. वयाच्या एक्कावन्नाव्या-बावन्नाव्या वर्षी, १९२९ साली तो गेला. त्याच्या एका मालिकेचं नाव ‘इनडोअर स्पोर्ट्स’. छापली जायची क्रीडापानावर, पण चेंडू नाही, बॅट नाही, घोडाही नाही. ऑफिसातले कारकून साहेबाची पाठ वळली की काय करतात, साहेबाच्या रद्दी विनोदावर कोण सगळ्यात आधी हसतो, पाहुणा उठायचं नाव घेत नाही तेव्हा घरमालक कसा चुळबुळतो, या धर्तीच्या गोष्टी टॅडच्या लेखी खेळ होत्या. चित्रात मुख्य बोलणारा एक आणि भोवती पाच-सहाजण, प्रत्येकाचा स्वतंत्र शेरा, बारीक अक्षरात. ते शेरे वाचण्यातच मजा. खेळाच्या रिपोर्टातला पंच, डावपेच, फाउल सगळं त्यात येतं, फक्त मैदानाच्या जागी टेबल-खुर्च्या.

टॅड मुष्टियुद्धाचा एवढा जाणकार असूनही त्याच्या या मालिकेत ठोसा कुणी मारत नाही. अमेरिकन चित्रमालिकेत खराखुरा मुष्टियोद्धा नायक म्हणून रुळायला १९३० साल यावं लागलं. तो मनानं इतका भोळा होता की त्याच्या चित्रकारांतली भांडणंच जास्त रक्तबंबाळ झाली. त्या जो पलूकाविषयी पुढच्या आठवड्यात.