शाळेचं छप्पर आणि आपली मुलं

मुलांचा डबा, दप्तर, गणवेश आपण डोळ्यांत तेल घालून जपतो; पण शाळेच्या छपराकडे कधी पाहिलंय? पुष्कळ शाळांवर करड्या रंगाचे, पन्हाळीदार सिमेंटचे पत्रे असतात. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे छातीत गेले, तर पुढे २०-३० वर्षांनीसुद्धा फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

पण लगेच घाबरून जाऊ नका हं! पत्रा धड आहे तोवर हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. तो फुटला, कापला किंवा त्याला भोक पाडलं, की त्यांची धूळ उडते. म्हणून दुरुस्ती सुटीतच, जाणत्या कारागिराकडून आणि पत्रा ओला करूनच व्हावी. पडलेला चुरा कोरड्या केरसुणीने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून, फडक्यासकट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा. फुटके तुकडे घरी आणून खुराड्यावर टाकणं तर नकोच!

अमेरिकेत १९८६च्या कायद्यानुसार शाळांना अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून तिची नोंद पालकांना पाहू द्यावी लागते. आपणही पुढच्या पालकसभेत विचारू या ना : पत्रे कसले आहेत? कुठे फुटलेत का? आणि दुरुस्ती कधी, कशी करणार?