हलकी पिशवी, खरी चिठ्ठी

गावाबाहेरच्या जुन्या निंबाच्या ढोलीतून संध्याकाळी डोकावणारा पिंगळा तुम्ही पाहिला असेलच. वाटोळे पिवळे डोळे, बुटकी मान आणि आपल्याकडे पाहून खाली-वर होणारं ते गमतीदार डोकं! आज त्याच्या एका चुलतभावाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव रानपिंगळा. हा पठ्ठ्या थोडीथोडकी नाही, तब्बल ११३ वर्षं बेपत्ता होता. आणि सापडला कुठे, ठाऊक आहे? आपल्या खानदेशात!

खोट्या चिठ्ठीची गोष्ट

रानपिंगळ्याची शास्त्रात पहिली नोंद ह्यूम या पक्षितज्ज्ञाने १८७३ साली केली. त्या काळी पक्ष्याची नोंद करायची म्हणजे तो बंदुकीने मारायचा, कातडं वाळवून आत कापूस भरायचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी मिळवला, हे सगळं त्या चिठ्ठीवर. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याच्या रानातून असे काही रानपिंगळे मिळवले. शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर हा पक्षी जणू हवेत विरून गेला.

पण थांबा! लंडनच्या संग्रहालयात आणखी एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं : मांडवी, गुजरात, १९१४. मिळवणारे होते कर्नल माइनर्ट्झहागेन. एवढं मोठं नाव, मग शंका कोण घेणार?

ती घेतली अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी. त्यांनी कातड्याची शिवण न् शिवण तपासली, आणि बिंग फुटलं. तो पक्षी डेव्हिडसनचाच होता! संग्रहालयातून चोरलेला, नव्याने शिवलेला आणि पायाला खोटी चिठ्ठी बांधलेला. या एका चिठ्ठीने शोधाची दिशाच चुकवली होती.

खोटी नोंद बाजूला सारून बाई खऱ्या जागी निघाल्या. बरोबर बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात, उघड्या फांदीवर, चक्क उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला.

आता गंमत पाहा. या वेळी कोणी बंदूक उचलली नाही. फोटो आणि व्हिडिओ हाच पुरावा ठरला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. त्याची छाती गडद तपकिरी आणि पाय भरघोस पांढऱ्या पिसांचे. फोटोत हे सगळं दिसतं, आणि पक्षी जिवंत राहतो!

दमेकऱ्याचा कॅमेरा

तुम्ही म्हणाल, 'आमच्याकडे कुठे ती तोफेएवढी लेन्स?' नसू दे हो! त्या मोठ्या लेन्सचं वजन तीन किलोंच्या वर जातं. ती खांद्यावर घेऊन सातपुड्याची चढण चढून बघा, म्हणजे कळेल.

जर्मनीत ऑस्कर बारनॅक नावाचा एक कारागीर होता. त्याला डोंगरात भटकून फोटो काढायचा भारी नाद, पण दम्याचा आजार. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा वाहताना धाप लागे. म्हणून त्याने सिनेमाची अरुंद फिल्म वापरून खिशात मावेल असा छोटा कॅमेरा बनवला. तोच लायका. १९२५ साली तो बाजारात आला आणि फोटोग्राफीचं रूपच पालटलं. ओझं कमी झालं की पाय जास्त चालतात आणि डोळे जास्त पाहतात, हे बारनॅकला पुरतं उमगलं होतं.

तुमच्या पिशवीत काय?

घरातला छोटा कॅमेरा किंवा फोन पुरे. कोणाकडून दुर्बीण मिळाली तर तिच्या एका भिंगाला फोन नीट टेकवा. लांबचा पक्षी जवळ येईल. पहिले दहा फोटो काळे किंवा धूसर निघतील, मग हात बसतो.

तिपाई घरीच ठेवा. त्याऐवजी एक रिकामी कापडी पिशवी घ्या. जाताना तिचं वजन शून्य! मुक्कामी पोचल्यावर कोरड्या नाल्यातली वाळू तिच्यात भरा, तोंड घट्ट बांधा, दगडावर ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा टेकवा. हात हलणार नाही. परतताना वाळू नाल्यातच ओता.

कॅमेऱ्यावर लेन्स असेल तर एक सोपा हिशेब ध्यानात ठेवा. ३०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून फोटो काढायचा, तर शटरचा वेळ सेकंदाच्या तीनशेव्या भागाहून जास्त नको. नाहीतर चित्र हललंच म्हणून समजा.

वाचलेलं वजन पाण्यासाठी. खानदेशचं ऊन म्हणजे चेष्टा नाही! डोक्याला मोठा रुमाल, फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. निघायचं ते उजाडताना. पक्षीही तेव्हाच जागे असतात, आणि तिरप्या उन्हात पिसांचे रंग खुलतात.

जायचं कुठे? हिवाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर धरणावर परदेशी बदकं उतरतात. धुळ्याजवळ लळिंगचं कुरण आहे, शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचा परिसर आहे. यावलच्या अभयारण्यात तर रानपिंगळाही दिसलेला आहे. मात्र अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी हवी आणि सोबत मोठं माणूस हवं. आणि हे काहीच जमलं नाही, तर आपला केळीचा मळा किंवा कपाशीचा बांध आहेच की!

चिठ्ठी लिहायला विसरू नका

पिशवीतली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वही-पेन्सिल. प्रत्येक फोटोमागे तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करत होता ते लिहा. ओळखता आला नाही, तर 'ओळखला नाही' असंच लिहा. पिंजऱ्यातल्या पोपटाचा फोटो काढून खाली 'सातपुड्यातला पोपट' लिहिलं, तर तुमच्यात आणि त्या कर्नलसाहेबांत फरक तो काय?

एक पथ्य मात्र पाळा. घरट्याजवळ जायचं नाही, पक्षी उडावा म्हणून दगड मारायचा नाही. घुबडं-पिंगळे अंधश्रद्धेपायी पकडले जातात, म्हणून त्यांच्या ढोलीचा पत्ता वहीतच राहू द्या. फोन फोटोबरोबर ठिकाणही नोंदवतो. फोटो इतरांना पाठवण्याआधी ते काढून टाका.

कोणी सांगावं, आज तुम्ही बांधावर टिपलेला एखादा साधासा पक्षी पन्नास वर्षांनी तिथे नसेलही. तेव्हा कोणी विचारेल, 'तो इथे खरंच होता का?' त्या वेळी तुमचा फोटो आणि त्यामागची चिठ्ठी त्याची साक्ष देतील. तेवढी चिठ्ठी खरी असली पाहिजे, बरं का!